चेहरा वाचणारं यंत्र आणि पवईतलं साधं समीकरण

‘एआय आता मुलाच्या चेहऱ्यावरून सांगतं म्हणे, त्याला गणित कळलं की नाही ते.’ मीरा रोडला क्लास सुटायच्या वेळी खाली ताटकळलेल्या पालकांच्या गप्पांत असं वाक्य हल्ली सहज कानावर पडतं. कुणी ते कौतुकानं म्हणतं, कुणी धास्तीनं. कॅमेरा लावला की मन दिसतं, हे मात्र दोघांनीही गृहीत धरलेलं असतं.

याच विषयावरचं एक पक्कं, तपासलेलं संशोधन मीरा-भाईंदरपासून फार दूर झालेलं नाही. ते पवईला झालं आणि त्यातल्या यंत्राला कॅमेरा नव्हताच. आयआयटी-मोनॅश रिसर्च अकादमीत रामकुमार राजेंद्रन यांनी श्रीधर अय्यर आणि सहाना मूर्ती यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटचं काम केलं. त्यातला महत्त्वाचा निबंध २०१३ मध्ये आयईईईच्या ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन लर्निंग टेक्नॉलॉजीज’ या नियतकालिकात आला. संगणकावर गणित सोडवणारं मूल कधी वैतागतं आणि का वैतागतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आनंद, दुःख, भीती अशी सगळी गाठोडी त्यांनी उघडलीच नाहीत. एकच भावना धरली.

अभ्यासासाठी निवडलं ते ‘माइंडस्पार्क’. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज या संस्थेचं हे गणित शिकवणारं सॉफ्टवेअर मुलाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलतं. मुलानं काय उत्तर दिलं, किती वेळ घेतला, आधीचे प्रश्न बरोबर होते की चूक, हे सगळं त्यात आपोआप नोंदलं जातं. संशोधकांनी या नोंदवहीलाच हात घातला.

मानसशास्त्रातली वैतागाची व्याख्या तशी सोपी आहे. माणसानं काहीतरी मिळवायचं ठरवलेलं असतं आणि ते मिळता मिळता आडकाठी येते. मग माइंडस्पार्कसमोर बसलेल्या मुलाला काय मिळवायचं असतं? समोरचा प्रश्न बरोबर यावा, ही पहिली इच्छा. सलग तीन उत्तरं बरोबर आली की ‘स्पार्की’ नावाचं बक्षीस मिळतं, ते हवं असतं. सलग पाच बरोबर आली की आव्हानाचा प्रश्न उघडतो, तिथवर पोचायचं असतं आणि पोचल्यावर तो सोडवायचाही असतो. आता ज्या मुलाची चार उत्तरं ओळीनं बरोबर आली आणि पाचवं चुकलं, त्याचा विचार करा. पडद्यावर चूक एकच दिसते, पण त्याच्या हातून आव्हानाचा प्रश्नही निसटलेला असतो. पहिल्याच प्रश्नाला चुकलेल्या मुलाची चूक आणि ही चूक, दोन्हींना नोंदवहीत फुली एकच. समीकरणात मात्र दोन्हींचं वजन वेगळं आहे. त्यात उत्तराला लागलेला वेळ मिळवला जातो, आणि मागच्या प्रश्नावरचा वैतागही काही प्रमाणात पुढे ओढला जातो. मुलाला अभ्यासाला घेऊन बसणाऱ्या कुठल्याही आईला हा शेवटचा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळं मांडलं एका रेषीय समीकरणात. अंदाज खरा ठरतो का, हे तपासायला माणसंच बसवली आणि त्यांनी स्वतंत्रपणे केलेल्या निरीक्षणांशी समीकरणाचं उत्तर ताडून पाहिलं. निकाल त्या वेळच्या इतर पद्धतींच्या तोडीचे आले. त्याहून मोलाचं म्हणजे, वैताग कशामुळे आला हेही हे समीकरण सांगू शकत होतं. कारण कळलं म्हणून उपायही नेमका करता आला. पुढच्या टप्प्यात त्या त्या कारणाला धरून, धीर देणारे छोटे संदेश मुलांना दाखवले, तेव्हा वैतागाचे प्रसंग कमी झाले. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे अगडबंब चित्र येतं, त्यापुढे हे काम अगदीच साधं वाटेल. वाटू द्या.

आता चेहऱ्याकडे येऊ. मूळ गैरसमज तिथलाच आहे. ठरावीक भावनेला ठरावीक चेहरा, जगभर एकसारखा, हा विचार मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामामुळे रुजला आणि भावना ओळखणारी बहुतेक सॉफ्टवेअर त्यावरच उभी आहेत. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त शोधनिबंध चाळून या गृहीतकाची झडती घेतली. रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात, असं साधारण ३० टक्के वेळाच दिसलं. म्हणजे बहुतेक वेळा रागाचा चेहरा वेगळाच असतो. उलट, मन लावून गणित सोडवणाऱ्या मुलाच्या कपाळावरही आठ्याच असतात. यंत्र त्याला रागीट ठरवून मोकळं होणार.

खरं तर चेहरा आणि मन यांतला हा फरक आपल्याकडे नवा नाही. नाट्यशास्त्रात आठ स्थायी, आठ सात्त्विक आणि तेहेतीस व्यभिचारी भावांची यादी आहे आणि आतला भाव वेगळा, बाहेर दिसणारा अनुभाव वेगळा, हा भेद तर नटाच्या सगळ्या कलेचा पायाच आहे. बाजारातली सॉफ्टवेअर सहा-सात खोके घेऊन येतात आणि प्रत्येक चेहरा त्यांतल्या एकात कोंबतात.

असा प्रयोग शाळेत झालेलाही आहे. २०१८ मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या एका माध्यमिक शाळेत फळ्यावर लावलेले कॅमेरे दर ३० सेकंदांनी मुलांचे चेहरे टिपून त्यांच्या भावना नोंदवत होते. पुढच्याच वर्षी त्याच प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला लक्ष मोजणारे पट्टे बांधले. त्यांची चित्रफीत पसरली, लोक संतापले आणि पट्टे उतरवावे लागले. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सेवा आवरती घेतली. युरोपीय संघाच्या एआय कायद्यानं तर २ फेब्रुवारी २०२५ पासून शाळा-कॉलेजांत आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. ही बंदी चेहरा, आवाज अशा शारीरिक खुणांवरून काढलेल्या निष्कर्षांवर आहे. उत्तरांच्या नोंदीवरून बांधलेला अंदाज तिच्यात येत नाही. पवईतलं समीकरण आणि हांगझोऊचा कॅमेरा यांना एकाच मापानं मोजू नये, ते यासाठी.

एक समज शिक्षकांतही पसरलेला आहे: मूल वर्गात खूश असलं की ते शिकतंय. सिडनी डी’मेलो, आर्ट ग्रेसर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसलं की, गोंधळात पडणं शिकण्याला पोषक ठरू शकतं, मात्र मुलाला त्यातून बाहेर पडायला वाट मिळायला हवी. रायन बेकर यांच्या २०१० च्या अभ्यासात संगणकावर शिकताना खरी घातक निघाली ती कंटाळ्याची अवस्था. वैतागाचा त्रास त्या मानानं कमी. सगळं गोड गोड करून देणारं सॉफ्टवेअर म्हणूनच फारसं शिकवणार नाही.

चॅटबॉटशी बोलणाऱ्या मुलांना वाटतं, ‘त्याला माझं कळतं.’ हा भासही जुना आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये जगापुढे आणलेला ‘एलायझा’ हा प्रोग्राम समोरच्याची वाक्यं थोडी फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा, एवढंच. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले. आजची यंत्रं कितीतरी सफाईदार आहेत, पण ‘मला समजतंय’ असं त्यांनी लिहिणं म्हणजे आधी वाचलेल्या मजकुराच्या आधारावर पुढचे शब्द जुळवणं आहे.

मीरा-भाईंदरच्या दृष्टीनं मात्र अवघड गाठ भाषेची आहे. महापालिकेच्या शाळांतच मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशी माध्यमं आहेत. घरात एक बोली, शाळेत दुसरी, क्लासमध्ये इंग्रजी, असं इथल्या कितीतरी मुलांचं चालतं. यंत्रानं मजकुरावरून भावना ओळखायची तर त्या भाषेतली, माणसांनी भावनेचा शिक्का मारलेली हजारो वाक्यं लागतात. मराठीत हे काम पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटानं हाती घेतलं. २०२१ चा त्यांचा ‘महासेंट’ हा संच साधारण १६,००० ट्विट्सचा आहे आणि त्यात कप्पे तीनच: चांगलं, वाईट, मधलं. २०२५ मध्ये ‘महाइमोशन्स’ आला, अकरा भावनांचा. त्याच्या तपासणीच्या भागावर माणसांनी शिक्के मारले, पण यंत्राला शिकवायच्या भागावरचे शिक्के मारले ते मोठ्या भाषा-प्रारूपांनी. मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग भावना ठरवायची, अशी त्यांची रीत. पहिलं पाऊल म्हणून ते ठीकच. पण ‘काय शहाणा आहेस रे!’ या वाक्यात कौतुक आहे की टोमणा, हे त्या वाटेनं कितीदा बरोबर कळेल? शिवाय ट्विट करणारा प्रौढ आणि भाईंदरच्या सातवीतलं मूल यांची मराठी एक नव्हे.

इथं कुणी विद्यार्थी या विषयावर पीएचडी करायला बसला, तर काम या जागी आहे. ‘पीएचडी म्हणजे एखादं भारी अ‍ॅप बनवायचं’ अशी नातेवाइकांची कल्पना असते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं लागतात, पदवीआधी कोर्सवर्क असतं, आणि या विषयात बराचसा काळ शाळांची परवानगी, पालकांची संमती आणि भावनेची मोजता येईल अशी व्याख्या करण्यातच जातो. अ‍ॅप झालंच तर शेवटी.

संमतीचा मुद्दा आता कायद्यातही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे. त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. उल्लंघनाला दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शिक्षणाच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती यातून सूट दिली, आणि संमतीची कलमं लागू व्हायला अधिसूचनेपासून दीड वर्षाची मुदत ठेवली. तेव्हा ‘कायदा आहे, आपोआप सगळं थांबेल’ हाही एक गैरसमजच. प्रवेशाच्या फॉर्मवर सही करताना कॅमेरा चेहरा टिपणार की फक्त उत्तरं नोंदली जाणार, ती नोंद किती दिवस राहणार आणि कोण बघणार, हे पालकांना शाळेच्या किंवा क्लासच्या टेबलावरच विचारावं लागेल, आणि उत्तर लेखी मागावं लागेल.