चाकात हवा किती?

सायकलच्या टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. डोंगरवाटेवर तेवढी हवा भरू नये. गच्च भरलेलं चाक दगडावरून उसळतं आणि पकड सोडतं. 70-75 किलोच्या स्वाराने 2.3-2.4 इंची ट्यूबलेस टायरसाठी पुढे 21-22 आणि मागे 24-25 पीएसआयपासून सुरुवात करावी. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून हा फरक. ट्यूब असेल तर चार-पाच वाढवा, नाहीतर दगड आणि रिममध्ये चिमटून तिला दोन समांतर चिरा पडतात.

मग ओळखीच्या एकाच उतारावर एकेक पीएसआय कमी करत जा. रिम दगडावर आपटू लागली किंवा वळणावर टायर लडबडला, की थोडी वाढवा.

लडाखला सायकल नेणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावं: मुंबईत 22 पीएसआय भरलेल्या चाकाचा दाब, तापमान तेच राहिलं तर, 3,500 मीटर उंचीवरच्या लेहमध्ये सुमारे 27 भरतो, कारण तिथे बाहेरच्या हवेचा दाबच कमी असतो. थंडीने तो थोडा उतरतो, तरी पोहोचल्यावर पुन्हा मोजाच. त्यासाठी कमी दाब अचूक दाखवणारा डिजिटल गेज घ्या. पंपावरचा काटा इतक्या खालच्या आकड्यांना भरवशाचा नसतो.