विश्लेषण : अपडेटनंतर लॅपटॉप उघडेना, फॉरमॅट करण्याआधी काय तपासाल?

रात्री अपडेटला लावलेला लॅपटॉप सकाळी पिन घेत नाही किंवा निळ्या पडद्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतो. घाईने फॉरमॅट केल्यास त्यातील माहिती कायमची जाऊ शकते. नेमके काय करावे?

समजा, जोतिबा डोंगरावर वाडी रत्नागिरीत फोटोचा व्यवसाय करणाऱ्याच्या लॅपटॉपवर हे घडले. चैत्र यात्रेतील सासनकाठ्यांचे, गुलालात न्हालेल्या भाविकांचे फोटो त्यातच आहेत. घाट उतरून कोल्हापुरात दुरुस्तीला जायचे तर दिवस मोडतो. तिथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले, की फोटोही गेले. प्रत्यक्षात यातील बरीच कामे खिशातल्या मोबाइलवरून होऊ शकतात.

असे का होते?

अनेक नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कवरील माहिती ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद असते. लॅपटॉप सुरू होताना ‘टीपीएम’ नावाची चिप सर्व काही पूर्वीसारखे आहे का, हे तपासते. अपडेटमुळे त्यात फरक आढळला, तर चोरीचा संशय घेऊन यंत्रणा की मागते. ९ जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही संगणकांवर असेच झाले; १३ ऑगस्टच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ही चूक सुधारली. १३ मे २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज १० वरील काही संगणकांवर पुन्हा तोच प्रकार घडला. तेव्हा १९ मे रोजी तातडीचे अपडेट द्यावे लागले. म्हणजे निळा पडदा दिसला, तरी लॅपटॉप बिघडलाच असे नाही.

पिन किंवा पासवर्ड चालत नसेल तर?

आधी कॅप्स लॉक पाहावा. पडद्याच्या कोपऱ्यात मराठी कीबोर्ड निवडलेला दिसल्यास ‘विंडोज’ आणि ‘स्पेस’ ही बटणे एकत्र दाबून इंग्रजी निवडावा. डोळ्याच्या चिन्हावर दाबून टाइप केलेली अक्षरे तपासावीत.

पिन त्या एका लॅपटॉपपुरता, तर पासवर्ड मायक्रोसॉफ्ट खात्याचा असतो. त्यामुळे पिन नाकारल्यास ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून पासवर्ड वापरून पाहावा. ऑगस्ट २०२५ नंतरच्या काही अपडेटमुळे विंडोज ११ वर पासवर्डचे चिन्हच दिसेनासे झाले होते. त्या रिकाम्या जागेवर माउस नेल्यास ते उघडते.

पासवर्डही आठवत नसेल, तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्याचा नवा पासवर्ड तयार करता येतो. मात्र लॅपटॉपला तो कळण्यासाठी लॉगइनच्या पडद्यावरूनच वायफाय किंवा मोबाइलचे हॉटस्पॉट जोडावे.

निळ्या पडद्यावर की मागितल्यास?

पडद्यावरील ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरे लिहून घ्यावीत. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या खात्यात जावे. ‘डिव्हाइसेस’मध्ये आपला लॅपटॉप निवडून रिकव्हरी की पाहता येते. आयडी जुळणारी ४८ अंकी की टाइप करावी.

तिथे की दिसली नाही, तर लॅपटॉप पहिल्यांदा कोणाच्या ईमेलने सुरू केला, हे आठवावे. घरातील दुसऱ्या कोणाच्या, विक्रेत्याच्या किंवा जुन्या मालकाच्या खात्यातही ती असू शकते. कार्यालयाचा किंवा महाविद्यालयाचा लॅपटॉप असल्यास तेथील संगणक विभागाकडे विचारावे.

की मिळालीच नाही तर?

ती मायक्रोसॉफ्टही पुन्हा तयार करून देऊ शकत नाही आणि दुरुस्ती करणाराही कुलूप तोडू शकत नाही. अशा वेळी फॉरमॅट हाच मार्ग उरतो आणि वेगळी प्रत नसलेली माहिती जाते. म्हणूनच सर्व खाती तपासून होईपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नये.

शोधयंत्रावर सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ला की, पासवर्ड किंवा ओटीपी सांगू नये. फसवणुकीत पैसे गेल्यास तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

पुढच्या अपडेटआधी काय करावे?

लॅपटॉप सुरळीत सुरू असतानाच रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून ठेवावी. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही. लॉगइनचा पासवर्डही एकदा वापरून पाहावा, कारण रोज पिन टाकणाऱ्यांना तो आठवत नाही. महत्त्वाच्या फाइलची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. अपडेट सुरू करताना चार्जर जोडलेला ठेवावा आणि ते पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप बंद करू नये. यात्रेच्या किंवा परीक्षेचा अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री ‘पॉज अपडेट्स’ हा पर्याय वापरून अपडेट काही दिवस पुढे ढकलता येते. काम आटोपल्यावर ते अवश्य करावे, कारण सुरक्षेतील त्रुटी त्यातूनच दूर होतात.