पणजीच्या पायाखालचे पाणी

पणजीत आलेला पाहुणा फोंताइन्हासमध्ये जातो, पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे छायाचित्र काढतो आणि परततो. पंचवीस वर्षांपूर्वी मीही तेच केले होते. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीत वाचत-चालत जे हाती लागले तेवढेच माझे भांडवल. पुढे एक जुना पोर्तुगीज शब्दकोश मिळाला आणि वाड्यांची नावे बोलू लागली. ‘फोंताइन्हास’ म्हणजे लहान झरे. जवळचे ‘बोका द व्हाका’ म्हणजे गायीचे तोंड. तेही एका झऱ्याचेच नाव. मळा भागातल्या झऱ्याला फिनिक्स पक्ष्याचे नाव आहे. नावे ठेवणाऱ्यांच्या लेखी या शहराची मोठी खूण पाणी हीच होती.

त्याला कारण होते. जुने गोवे मोडले त्यात साथीच्या रोगांचा आणि बिघडलेल्या विहिरींचा मोठा वाटा होता. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीतल्या आदिलशाही वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. वाईट पाण्यापासून पळालेल्या राजसत्तेला इथे गोड्या पाण्याचे झरे मिळाले.

ते झरे येतात कुठून? शहराच्या मधोमध आल्तिनोची टेकडी आहे, जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो पोटात घेतो आणि पायथ्याशी सावकाश सोडतो. चर्चकडून सुरुवात केली तर हे चालत पाहता येते. मूळ प्रार्थनाघर १५४१ चे. आजच्या घंटेने मात्र जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आग्वादमार्गे १८७१ मध्ये इथे मुक्काम हलवला. चर्चमागचा भाग ‘कोर्त द ओतेर’, म्हणजे टेकडीला दिलेला काप. तिथून खाली उतरले की फोंताइन्हास, आणि पुढे मळा. ही सगळी वस्ती टेकडीच्या पायथ्याला, झऱ्यांच्या सोबतीने वसली आहे.

टेकडीवर असे गोडे पाणी, तर खाली दलदल. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा तीन किलोमीटरहून लांब बांध १६३३-३४ मध्ये घालावा लागला, तो याच दलदलीमुळे. फोंताइन्हासची जागा मुळात माडाची बाग होती. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पुर्तुगाल ई काश्त्रो यांच्या कारकिर्दीत सखल जमीन भरून सरळ रस्ते आखले गेले. आज आपण जिला नीटनेटकी पणजी म्हणतो, तिचा मोठा भाग या भरावावर उभा आहे. जादा पाणी मांडवीत नेण्याचे काम पूर्वेला ओरेमची खाडी आणि पश्चिमेला सांतिनेजची खाडी करतात.

पावसाळ्यात १८ जून रस्त्यावर आणि मळा भागात पाणी तुंबले की दोष गटारांना दिला जातो. तो काही अंशी खराही असतो. पण मोठा पाऊस आणि भरती एका वेळी आली की खाडीच भरलेली असते. गटार उपसले तरी त्या पाण्याने जायचे कुठे? खाड्या अरुंद केल्या, पाणथळ जागेवर इमारती चढवल्या, तर जुनी दलदल आपली जागा परत मागणारच. मळ्यातल्या एका आजींनी मला हे सोप्या शब्दांत सांगितले होते : पूर्वी पाणी अंगणात येऊन निघून जायचे, आता येते ते राहायलाच.

म्हणून वारसा जपायचा म्हणजे नुसत्या भिंती रंगवायच्या, हे मला पटत नाही. झरे आणि खाड्या हाही वारसाच आहे, आणि तो बिघडला तर रंगीत घरांच्या पायालाच ओल धरेल. पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा एकदा पावसाळ्यात जा. भरतीच्या वेळी ओरेमच्या पुलावर थोडा वेळ उभे राहा. पाणी कोणत्या दिशेने वाहते आहे तेवढे पाहा, आणि मग फोंताइन्हासमध्ये शिरा.