तीच गाणी, दुसऱ्यांदा

आवडलेले नाटक पुन्हा पाहायला जाणे ही आपल्याकडे कधीच नवलाची गोष्ट नव्हती. ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्यातील कथानक, पदे आणि विनोद तोंडपाठ असलेले प्रेक्षक आजही त्याच्या प्रयोगाला बसतात आणि आवडत्या पदाला ‘वन्स मोअर’ देतात. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ऐकावेसे वाटणे, यातच त्या नाटकाची थोरवी आहे, असे आपण मानतो.

तथापि एखादा रॉक बँड दुसऱ्यांदा प्रत्यक्ष ऐकण्यासाठी कोणी गोव्याहून मुंबई गाठतो, हजारो रुपयांची तिकिटे काढतो आणि सोबत कुटुंबही नेतो, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे विचारतात, ‘तीच गाणी मोबाइलवर ऐकू येत नाहीत का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर काही अंशी ध्वनिशास्त्रात, काही अंशी मेंदूच्या कार्यात आणि बरेचसे सोबतीत सापडते. त्या उत्तरात एक सावधगिरीची सूचनाही दडलेली आहे.

नोटाबंदीपासून नेरुळपर्यंत

ख्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन हे चौघे लंडनमध्ये विद्यार्थी असताना एकत्र आले आणि त्यातून ‘कोल्डप्ले’ हा बँड उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम ‘पॅराशूट्स’ २००० साली प्रसिद्ध झाला. पाव शतक उलटले तरी वादकांचा संच तोच आहे. रॉक संगीताच्या जगात ही दुर्मीळ गोष्ट होय.

१९ नोव्हेंबर २०१६ रोजी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सवात हा बँड वाजला. ए. आर. रहमान यांनीही त्या रात्री त्यांच्यासमवेत मंचावर हजेरी लावली. नोटाबंदी जाहीर होऊन तेव्हा अकराच दिवस झाले होते. आम्ही चार मित्र गोव्याहून गेलो होतो. चौघांच्या खिशांत मिळून चालणारे पैसे इतके थोडे होते की वडापाव कोणी घ्यायचा आणि कोणी उपाशी राहायचे, यावर बराच वेळ वाद चालला. त्या रात्रीची गाणी आठवतात. पण तो वाद अधिक स्पष्ट आठवतो.

त्यानंतर आठ वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, बँड पुन्हा भारतात आला. १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले, तर २५ आणि २६ तारखेला अहमदाबादला दोन. आम्ही १९ तारखेला गेलो. या खेपेस आमचा मेळा आठ जणांचा होता. चार मित्रांपैकी तिघे, तिघांच्या पत्नी, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि एका मित्राचा तेरा वर्षांचा मुलगा. चौथा मित्र आता मस्कतला असतो. त्याला रजा मिळाली नाही. कोकण रेल्वेने पनवेलला उतरून आम्ही नेरुळ गाठले.

मैदानावर आवाज कसा पोहोचतो

प्रत्यक्ष मैफल आणि मोबाइल यांतील पहिला फरक केवळ भौतिक आहे. कानातील लहान स्पीकर हवेचा अगदी थोडा भाग हलवतो. मैदानावरील ध्वनियंत्रणा मात्र इतकी हवा हलवते की ड्रम आणि बेस गिटार यांचे खालचे स्वर कानांबरोबर छातीलाही जाणवतात. तो ठोका आपण अक्षरशः अंगाने ऐकतो.

दुसरी अडचण अंतराची असते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. मंचापासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याला ड्रमवर पडलेली काठी लगेच दिसते, पण तिचा आवाज जवळजवळ पाव सेकंदाहून अधिक उशिराने येतो. मागच्या श्रोत्यांसाठी मैदानाच्या मध्यावर स्पीकरचे जादा मनोरे उभारतात. त्यांतील आवाज मुद्दाम तेवढाच रोखून सोडावा लागतो. तसे केले नाही, तर मनोऱ्याचा आवाज आधी आणि मंचाचा नंतर पोहोचून गाणे दुहेरी ऐकू येईल. हजारो लोक एकाच ठोक्यावर टाळी वाजवू शकतात, त्यामागे हे मोजमाप असते.

या बँडच्या कार्यक्रमांत प्रत्येक श्रोत्याला मनगटी पट्टा देतात. मध्यवर्ती यंत्रणेकडून येणाऱ्या बिनतारी संदेशांनुसार सर्व पट्टे गाण्याच्या लयीत रंग बदलतात आणि कार्यक्रम संपल्यावर ते परत गोळा केले जातात. माझी मुलगी बराच वेळ मंचाकडे न पाहता समोरच्या सज्जातील दिवेच पाहत होती. आपल्या हातातील दिवाही त्यातलाच एक आहे, हे कळल्यावर ती हात खाली घेईना.

ठाऊक असलेले गाणेच का रोमांचित करते

ओळखीच्या गाण्याचा आनंद शिळा का होत नाही, याचे एक उत्तर कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दिले. आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामीन हे रसायन स्रवते आणि हा स्राव दोनदा होतो, असे त्यांना आढळले. गाण्याचा उत्कट क्षण येतो तेव्हा, आणि त्याच्या आधी, तो येणार या अपेक्षेने. दोन्हींसाठी मेंदूचे वेगवेगळे भाग काम करतात. अपेक्षा करायची, तर गाणे ठाऊक असावे लागते. ‘यलो’च्या गिटारचा पहिला झंकार होताच सारे मैदान गर्जते, तेव्हा गायकाने अद्याप एक शब्दही उच्चारलेला नसतो. नाटकातील पदाआधी ऑर्गनचे सूर लागताच प्रेक्षक सावरून बसतात, ते याच कारणाने.

पौगंडावस्थेत आणि ऐन तारुण्यात ऐकलेली गाणी माणसाच्या स्मरणात इतर काळातील गाण्यांपेक्षा घट्ट बसतात, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना त्या गाण्यामागे आपले पूर्वीचे वयही उभे राहते.

तिसरे कारण समूहाचे आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात धार्मिक विधींसाठी जमलेल्या समुदायात उसळणाऱ्या चैतन्याचे विवेचन केले आहे. भजनी सप्ताहात रात्रभर जागलेल्या गोमंतकीयाला ते समजावून सांगावे लागणार नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असेच दिसले. प्रौढांच्या नव्याने जमलेल्या वर्गांपैकी गायनाच्या वर्गातील माणसे हस्तकला किंवा लेखन शिकणाऱ्यांपेक्षा लवकर जवळ आली. एकत्र गाणे हा अनोळखी माणसांतील संकोच मोडण्याचा सर्वांत जलद मार्ग ठरला.

कानांचा हिशेब

आता सावधगिरीची गोष्ट. आमच्यातील एक मित्र अनेक वर्षे लग्नसमारंभांत ड्रम वाजवत आला आहे. गेली तीन वर्षे त्याच्या डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सतत घुमतो. वैद्यकात याला टिनिटस म्हणतात. रात्री सारे निजल्यावर तो आवाज अधिक जाणवतो, म्हणून तो पंखा लावून झोपतो. नेरुळला निघण्यापूर्वी त्याने आम्हा सर्वांसाठी कानात घालायचे फोमचे बोळे आणले होते. मुलांसाठी कान पूर्ण झाकणारी आवरणे होती. आम्ही हसलो, तेव्हा तो हसला नाही.

माणसाच्या प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी जन्मतः असतात. त्या नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो. पुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. मैफल मात्र दोन तास चालते.

साधे बोळे नीट बसवले, तर आवाज १५ ते २० डेसिबलने कमी होऊ शकतो. म्हणजे १०० चे ८० ते ८५ होतात आणि तीच दोन तासांची मैफल सुरक्षित ठरते. फोमचा बोळा बोटांनी पिळून बारीक करावा, कानाची पाळी किंचित वर ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. लहान मुलांच्या कानांत तो नीट बसत नाही. त्यांना बाहेरून झाकणारी आवरणेच योग्य. स्पीकरच्या अगदी समोरची जागा टाळावी आणि अधूनमधून दूर जाऊन कानांना विश्रांती द्यावी. कार्यक्रमानंतर कान बधिर वाटले किंवा घुमू लागले, तर ती इजेची सूचना समजावी. दुसऱ्या दिवशीही ते थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते, म्हणून चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आत शिरतानाच ठरवावी. आणि शेवटचे गाणे संपताच दाराकडे धावू नये. आम्ही अर्धा तास जागीच बसून राहिलो. मुले दमली होती, पण बोलायचे थांबत नव्हती.

या दौऱ्यात ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ हे गाणे मध्येच थांबवून मार्टिन श्रोत्यांना मोबाइल खिशात ठेवण्याची विनंती करतो. आम्हीही ठेवले. ‘फिक्स यू’ चालू असताना मात्र मस्कतच्या मित्रासाठी मी दोन मिनिटांचे चित्रीकरण केले होते. पनवेलच्या फलाटावर ते लावून पाहिले. मोबाइलच्या माइकला तो आवाज पेलला नव्हता. बँडचा केवळ फाटका गोंगाट उरला होता आणि त्यावर आमच्या आठ जणांचे बेसूर गाणे. पाठवू नये असे वाटले, तरी पाठवले.

सकाळी रत्नागिरीच्या पुढे त्याचा निरोप आला. कोणते गाणे आहे ते कळत नाही, असे त्याने लिहिले होते. पण ड्रमवाला मित्र कुठे चुकला ते कळले, आणि ते त्याने सहा वेळा ऐकले होते.