कुस्तीगीर मुलाचे वय पाहता, त्याची वाढही पाहा

चितेगाव परिसरात, पैठण रस्त्यावरील कारखान्यांत राबणाऱ्या अनेक आईबापांना आपला मुलगा पहिलवान व्हावा असे वाटते. ही चांगली गोष्ट आहे. परंतु तेराव्या वर्षी दोन-चार कुस्त्या हरला की ‘याच्यात दम नाही’ म्हणून त्याची तालीम बंद करण्यात येते. हे आम्हास योग्य वाटत नाही.

एकाच वर्गातील दोन मुलांचे वय सारखे असले तरी शरीराची वाढ सारखी नसते. मुलांची उंची साधारणतः 13 ते 14 व्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलींची 11 ते 12 व्या वर्षी. कोणाची वाढ एक-दोन वर्षे आधी होते, कोणाची नंतर. लवकर वाढलेला मुलगा उशिरा वाढणाऱ्याला सहज चीत करतो. त्यात कसब कमी, वाढीचा हात जास्त असतो.

आधी उंची वाढते, ताकद तिच्यामागून साधारण वर्षभराने भरते. मधल्या काळात अंग आखडते, तोल बिघडतो, येणारे डावही चुकतात. अशा वेळी मुलाला रागावू नये. हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा कोवळी असते, म्हणून वस्तादांच्या देखरेखीशिवाय जड वजने उचलू देऊ नयेत. लहान वयात डाव, तोल, चपळाई आणि बेताच्या दंड-बैठकांवर भर द्यावा.

घरच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी मुलाची उंची खुणेने नोंदवा. दोन सेंटीमीटरहून जास्त फरक पडू लागला की वाढीचा जोर सुरू झाला असे समजा.

वजनगटासाठी मुलाला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे हा तर गुन्हाच समजावा. 1997 साली अमेरिकेत असे वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले. बदाम-तुपाची ऐपत नसली तरी भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांनी शरीर घडते. भगवान बुद्धांनीही देह झिजविणारी तपश्चर्या सोडून सुजाताची खीर स्वीकारली होती.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले, तेव्हा ते 26 वर्षांचे होते. आपल्या मुलालाही वेळ द्या. शाळा आणि तालीम, दोन्ही सुरू ठेवा.