सैनिकाचा दंड आणि लशीची सक्ती

सैनिकाने लस टोचून घेतलीच पाहिजे, असा हुकूम सोडण्याचा अधिकार सेनेला असावा काय? या प्रश्नावर अमेरिकेत झालेला वाद मला विचार करण्याजोगा वाटतो.

सक्तीची बाजू भक्कम आहे. छावणीत माणसे दाटीने राहतात. एकाचा रोग पाहता पाहता साऱ्या पलटणीचा होतो. म्हणूनच १७७७ साली जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या सैन्याला देवी टोचविण्याचा हुकूम दिला. १८९८ मधील स्पेनबरोबरच्या युद्धाच्या काळात सुमारे दीड हजार अमेरिकी सैनिक विषमज्वराने दगावले. १९११ मध्ये त्यावरील लस सक्तीची झाली आणि पहिल्या महायुद्धात तो रोग त्या सैन्यात तुरळकच आढळला.

मग विरोध का व्हावा? १९९८ मध्ये अँथ्रॅक्सची लस सक्तीची झाली. नकार देणाऱ्यांपैकी काहींना लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले. श्वासावाटे होणाऱ्या अँथ्रॅक्ससाठी या लशीला रीतसर मान्यता नाही, ही सैनिकांची हरकत ग्राह्य धरून न्यायालयाने २००४ मध्ये सक्ती थांबविली. २००५ मध्ये औषध-प्रशासनाने मान्यता दिल्यानंतर काही तुकड्यांसाठी ती पुन्हा लागू झाली. कोविडच्या लशीची सक्ती २०२१ मध्ये आली व जानेवारी २०२३ मध्ये उठली. दरम्यान आठ हजारांवर सैनिकांना सेवेतून काढण्यात आले.

गणवेश चढविताना सैनिक आपले काही हक्क बाजूला ठेवतो, हे मला मान्य आहे. परंतु लशीची पारख झाली आहे काय, हे विचारण्याचा हक्क त्यात जाऊ नये. हुकुमासरशी दंड पुढे होईल; विश्वास बसायचा तर पुरावाच उघड मांडला पाहिजे.