‘गिअरबॉक्स गेला’ हे मान्य करण्याआधी

सुरतेतल्या आपल्या मंडळींना ऑटोमॅटिक गाडीचं आता नवल राहिलेलं नाही. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरियो एएमटी आली आणि क्लच न दाबता चालणारी गाडी मध्यमवर्गाच्या हिशेबात बसली. त्या सुमाराच्या गाड्यांनी आता दहा वर्षं ओलांडली आहेत. कुठली झटके देते, कुठली सिग्नलला न्यूट्रलमध्येच अडकते, आणि गॅरेजमध्ये लगेच ऐकू येतं, “भाई, आखो गिअरबॉक्स बदलवो पडशे.”

मान डोलावण्याआधी आपली गाडी कुठल्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे ते बघा. एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीसारखेच असतात. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम देतो एक छोटा कॉम्प्युटर. (जुनं हार्डवेअर, वर नवं सॉफ्टवेअर. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळतं.) म्हणून इथे आधी क्लचप्लेट, अ‍ॅक्च्युएटर, सेन्सर आणि वायरिंग तपासायला सांगा. स्कॅनर लावल्याशिवाय निदान करणाऱ्याकडे गाडी सोडू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीचा जीव मात्र तेलात. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल बहुधा लाल असतं; ते काळपट झालं आणि जळका वास आला, तर आतल्या प्लेटा झिजल्यात असं समजा. सीव्हीटीला तिचंच तेल लागतं, ‘चालून जाईल’ म्हणून दुसरं ओतू देऊ नका.

आमच्या घरची गाडी एएमटी. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती न्यूट्रलमधून बाहेरच येईना. एका गॅरेजने पूर्ण गिअरबॉक्सचा खर्च सांगितला, गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मा. बाबा गाडी विकायच्या गोष्टी करू लागले. मी पुन्हा गिअर टाकून बघत होतो, बायको मागे उभी होती. ती म्हणाली, “अरे, ब्रेकलाइट लागतच नाहीयेत.” ब्रेक दाबल्याशिवाय ही गाडी न्यूट्रलमधून गिअर घेत नाही, आणि ब्रेक दाबलाय हे कॉम्प्युटरला कळतं पेडलजवळच्या एका स्विचवरून. दिवेही त्याच स्विचवर. उधन्याच्या एका मेकॅनिकने तो बदलला, काही शे रुपयांत काम झालं.

दिवाळीला नवापूरवरून धुळे-जळगावकडे निघालात, तर कोंडाईबारी घाटात ट्रकमागे थांबावं लागतंच. तिथे चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. एएमटीचा क्लच घसरत राहतो आणि जळतो. ब्रेकवर उभी करा, मॅन्युअल मोडमध्ये पहिल्या गिअरवर चढवा.

आणि पाणी. २००६ चा तापीचा पूर घरातल्या मोठ्यांना विसरता येत नाही, पण पर्वत पाटिया, लिंबायतकडे खाडीचं पाणी एरवीही चढतं. ते गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून आत शिरलं, की लाल तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसू लागतं आणि प्लेटांवरचा थर सुटू लागतो. जुनी ऑटोमॅटिक घेणार असाल तर ते तेल आधी बघा. आपलीच गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर सुरू करून बघू नका, दोरी बांधून ओढतही नेऊ नका, फ्लॅटबेड मागवा.